शेवटचं अक्षर

आमोण्याच्या धक्क्यावर, वजनकाट्याच्या ऑफिसात
खिडकीखाली एक फळी आहे.
खनिजाच्या लाल धुळीत तिचा मूळ रंग
कुणालाच आठवत नाही.
तिच्यावर सगळे डबे ठेवतात.
बार्जवरचे खलाशी, ट्रकवाले, मी,
आणि इनास, ज्याच्या सुंगटांच्या हुमणाचा वास
अकरा वाजल्यापासून फायलींना लागतो.
ठेवायला कुणाला विचारावं लागत नाही.
उचलायचा मात्र ज्याचा त्यानेच.
हे कुठे लिहिलेलं नाही.

मशीनवर लिहिलेलं असतं.
तिथेही अशी एक फळी आहे, टेम्प नावाची.
कुणीही यावं, काहीही ठेवावं.
सात-सात-सात,
म्हणजे मालकाला सगळं, घरच्यांना सगळं,
वाटसरूलाही सगळंच.
पण त्या तीन सातांच्या आधी एक एकडा असतो,
तो यादीत टोकाला छोटा टी होऊन बसतो,
जत्रेत चपलांपाशी बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
दुसऱ्याच्या वस्तूला हात घातलात
की एवढंच म्हणतो,
तुमची नव्हे.

हे मी रोहिदास गावसला सांगितलं.
सव्वीस वर्षं ट्रक चालवतो तो.
पावती घडी करत म्हणाला,
"आनी टी ना जाल्यार?"

ओहोटी होती, बार्ज गाळात रुतलेली, हाताला काम नव्हतं.
मी मशीनला विचारलं,
सगळ्यांना लिहिता येईल अशा जागा दाखव.
टेम्प आली. तिचा जुना सामान सांभाळणारा भाऊ आला.
दोघांच्या टोकाला टी.
तिसरी जागा यायला नको होती.

अवजारांची खोली.
जिथून मशीन आपले हुकूम उचलतं.
सात-सात-सात, आणि टोकाला नुसता एक्स.
माझ्या आधीच्या माणसाने उघडली असणार ती,
शिगम्याच्या कुठल्याशा रात्री,
रोमटाचे ढोल रस्त्यावर आलेले,
पाळीवाल्याला पासवर्ड ठाऊक नाही,
राहू दे उघडं, सकाळी बघू.
सकाळी काटा चालत होता.
चालत्या काट्याकडे कोण बघतं?

मशीनला नावापलीकडे ओळख नसते.
हाक मारत ते घरोघर जातं ठरलेल्या क्रमाने,
आणि पहिल्या घरातून जो ओ देतो
तोच आपला, असं मानतं.
त्या उघड्या खोलीचं घर पहिलं होतं.
आत 'काटा' नावाची फाइल होती, सात ओळींची.
खरा काटा दोन घरं पुढे,
अकरा वर्षं त्याला कुणी हाक मारली नव्हती.

चोर सापडला म्हणून मी मालकाचं नाव वाचलं.

माझं होतं.

नोकरीचा पहिला महिना.
शिकत होते, करून बघत होते,
शंभराखालचे किलो कापून पावती कशी सुटसुटीत दिसते ते.
कुणी अडवलं नाही.
मला वाटलं होतं, मला येतं म्हणून जमलं.
मग जेवायला उठले असेन.

दर खेपेला वीस किलो, कधी सत्तर, कधी नव्वद.
टनामागे भाडं.
मी हिशेब केला नाही.
केला. पुसला. परत केला.

संध्याकाळी खोलीचं दार ओढून घेतलं,
मालकाला सात, बाकीच्यांना पाच.
सात ओळी पुसल्या.
त्या पुसायला मला कुणाची परवानगी लागली नाही,
माझ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी रोहिदास खिडकीशी आला.
सोळा टन, चारशे साठ.
पावती उजेडात धरून उभा राहिला,
मागचे ट्रक हॉर्न वाजवत असताना.
"हे वयले साठ खंयचे गो, बाय?"

फळीवर त्याचा डबा होता, ॲल्युमिनियमचा, कडीला सुतळी.
मी तो उचलला,
जे त्या फळीवर कुणी करत नाही,
आणि त्याच्या हातात देऊन म्हटलं,
आत ये. बस.
ट्रक बंद कर आधी.